हिरवळीचा तक्ता: विम्बल्डन २०२५ च्या अंदाजांच्या प्रकल्प नोंदी

२२ जून, रविवार

यंदा नुसत्या गप्पा नकोत, सगळं लिहून ठेवायचं असं ठरलं. दरवर्षी जुलैत सोलापुरात साखर पेठेत अण्णांच्या हॉलमध्ये आम्ही विम्बल्डन बघतो आणि दरवर्षी शेवटी प्रत्येकजण छाती पुढं काढून म्हणतो की मी तर आधीच सांगितलेलं, पुरावा कुणाकडंच नसतो. म्हणून ही शीट. पैशाचा संबंध नाही हे पहिल्याच ओळीत टाइप करून टाकलंय, जो तळाला राहील त्यानं सगळ्यांना डिस्को भजी खायला घालायची, बास.

खेळणारे असे: अण्णा (लूम विकून आता निवांत, बोर्गच्या काळापासून टेनिस बघतात), ताई (शाळेत खेळाच्या मॅडम), तिची पोरगी म्हणजे माझी भाची (संख्याशास्त्र, दुसरं वर्ष), दाजी, मी, आणि आमच्या टॉवेल कारखान्यातला डिस्पॅचवाला जो पक्का क्रिकेटचा माणूस आहे पण भज्यांचं ऐकून आलाय. दाजी आत्ता घरी नाहीत, माउलींच्या पालखीबरोबर चालतायत, ते वाटेतून फोन करून अंदाज सांगणार.

भाचीनं आल्या आल्या नियमच बदलला. म्हणली मामा नुसतं कोण जिंकणार हे लिहून काय कळतंय, किती खात्री आहे ते टक्क्यात लिहा. मग दंड असा: ज्याचं नाव दिलं तो जिंकला तर शंभरला जेवढं कमी होतं त्याचा वर्ग, हरला तर जेवढे टक्के लावले त्याचा वर्ग, आणि दोन्हीला भागिले शंभर. म्हणजे ९० लावले आणि बरोबर आलं तर दंड १, चुकलं तर ८१. ६० लावून चुकलं तर ३६. १०० लावून चुकलं तर पूर्ण १००. ज्याचा दंड कमी तो वर.

अण्णा म्हणाले, "हे काय नवीन, मला खात्री असली की असते, नसली की नसते."

"मग तसंच लिहा की अण्णा, शंभर आणि पन्नास," भाची.

संध्याकाळी क्वीन्सची (विम्बल्डनच्या आधीची गवतावरची स्पर्धा) फायनल बघितली, अल्काराझनं लेहेच्काला तीन सेटमध्ये हरवलं. अण्णांनी तिथंच जाहीर केलं, विम्बल्डन अल्काराझ, शंभर टक्के. ड्रॉ, म्हणजे कोण कुणाशी खेळणार ते, सुद्धा निघालं नव्हतं.

२७ जून, शुक्रवार

ड्रॉ आला. सगळी नावं शीटमध्ये भरायला ऑफिसनंतरचा अख्खा वेळ गेला, बेकायदा कुणी ऑटोफिल वापरू नये म्हणून सेल लॉक केलेत.

दोन डमी खेळाडू टाकलेत, ही पण भाचीचीच आयडिया. एक पन्नासराव, जे प्रत्येक मॅचला पन्नास टक्के लावतात, म्हणजे त्यांना टेनिसमधलं काहीच कळत नाही असं समजायचं, त्यांचा दंड कायम २५. दुसरे सीडराव, जे डोळे झाकून प्रत्येक सीडेड (स्पर्धेआधीच वरचा नंबर दिलेल्या) खेळाडूवर ८० लावतात. ज्याचा सरासरी दंड पन्नासरावांपेक्षा जास्त त्यानं टेनिसवर बोलू नये असं ताईचं म्हणणं.

मी माझ्या हौसेनं एक जास्तीचा कॉलम केलाय, "जुना नियम". विम्बल्डनमध्ये २००२ ते २०१९ पुरुषांचं सीडिंग सरळ रँकिंगनं होत नव्हतं, रँकिंगचे पॉइंट, त्यात मागच्या बारा महिन्यातले गवतावरचे पॉइंट परत एकदा, आणि त्याच्या आधीच्या बारा महिन्यातल्या गवतावरच्या सगळ्यात चांगल्या एका स्पर्धेचे ७५ टक्के अशी बेरीज करायचे. २०२१ पासून ते बंद झालं, आता सरळ रँकिंग. मला हे बंद केलेलं पटलेलं नाही. रँकिंग म्हणजे वर्षभराची कमाई, त्यात बहुतेक सगळी हार्ड कोर्ट आणि मातीवरची, गवताचा सीझन सगळा मिळून पाच-सहा आठवड्यांचा. एखाद्यानं वर्षभर ज्वारी चांगली पिकवली म्हणून त्याला द्राक्षाच्या प्रदर्शनात पहिल्या रांगेत बसवायचं असला प्रकार आहे.

जुन्या नियमानं हिशोब घातला तर अल्काराझ सिनरच्या वर जातो आणि सहाव्या सीडवरचा जोकोविच पहिल्या चारात येतो. झ्वेरेव मात्र त्या हिशोबात पण वरच राहतो. बघू.

बायकांमध्ये असला नियम कधी नव्हताच. तिथं ताईचा स्वतःचा नियम आहे: जिनं आधी ताट (विम्बल्डनच्या विजेतीला मिळतं ते) जिंकलंय तिचं नाव घ्यायचं नाही. २०१७ पासून बघितलं तर मुगुरुझा, कर्बर, हालेप, बार्टी, रिबाकिना, वोंद्रुसोव्हा, क्रेचिकोव्हा, दरवेळी नवीनच बाई (२०२० ला स्पर्धाच नव्हती). भाची म्हणली आई हा योगायोग असू शकतो. ताई म्हणली असू दे की, चालतोय तोवर चालवू.

२९ जून, रविवार

पहिल्या फेरीचे अंदाज आत आले. डिस्पॅचवाल्याला विचारलं तर म्हणाला मला यातलं एक नाव धड वाचता येईना बे, सगळ्या सीडवाल्यांवर ६५ टाक आणि मला सोड, बुधवारपासून एजबॅस्टनची टेस्ट आहे. टाकले.

ताईनं "कारण" म्हणून कॉलम मागितला, प्रत्येक अंदाजासमोर एक ओळ. पेगुला समोर तिनं लिहिलंय "कालच बाड होम्बुर्गला गवतावर जिंकली, स्विएतेकला हरवून, पाय लागलेत" आणि ८५. पटण्यासारखं आहे.

३० जून, सोमवार

साडेतीनला बाहेरच्या कोर्टांवर सुरू, सेंटर कोर्ट आपल्या सहा वाजता. लंडनमध्ये ३२ च्या वर तापमान, स्पर्धेच्या पहिल्या दिवसाचं आजवरचं सगळ्यात जास्त, आणि टीव्हीवर लोक वारा घालत बसलेत. अण्णा म्हणाले यांना एप्रिलमध्ये आपल्या अशोक चौकात आणून उभं करा.

अल्काराझ विरुद्ध फोन्यिनी. ३८ वर्षांचा फोन्यिनी, सगळ्यांनी अल्काराझवर ९५ च्या वर लावलेले, आणि मॅच गेली पाच सेट, ७-५, ६-७, ७-५, २-६, ६-१, साडेचार तासांच्या वर. मध्येच एक प्रेक्षक बाई उन्हानं पडल्या तर अल्काराझ स्वतः पाण्याची बाटली घेऊन गेला. अण्णा पूर्ण वेळ शांत, फक्त चौथा सेट गेल्यावर उठून पंख्याचा नंबर वाढवला.

बाकीकडं पडझड. मेदवेदेव बाँझीकडून गेला. होल्गर रुने दोन सेट वर असताना जॅरीकडून हरला. ओस्तापेन्को ब्रिटनच्या कार्टलकडून. पेरिकारनं ताशी २४६ किलोमीटरची सर्व्हिस मारली, विम्बल्डनमधली आजवरची सगळ्यात वेगवान, आणि गंमत म्हणजे तो पॉइंट फ्रिट्झनं जिंकला. पण पहिले दोन सेट पेरिकारनंच घेतलेत आणि चौथ्याच्या टायब्रेकमध्ये (सेट ६-६ झाल्यावरचा निर्णायक गेम) ५-१ वर होता, तिथनं फ्रिट्झनं ओढून आणलं आणि मग उशीर झाला म्हणून मॅच उद्यावर. फ्रिट्झवर मी ७५ लावलेत, झोप लागेना.

१ जुलै, मंगळवार

हा दिवस सविस्तर लिहून ठेवायला पाहिजे.

फ्रिट्झनं पाचवा सेट ६-४ घेतला. हे एक चांगलं झालं. त्यानंतर तिसरा सीड झ्वेरेव, फ्रान्सच्या रिंडरनेखकडून पाच सेटमध्ये, पाचापैकी तीन सेट टायब्रेकला. सातवा सीड मुसेत्ती गेला. तिसरी सीड पेगुला, म्हणजे ताईची "पाय लागलेत", इटलीच्या कोचारेत्तोकडून ६-२, ६-३, ५८ मिनिटांत. पाचवी सीड झेंग गेली. आणि सगळ्यात शेवटी गॉफ, जी तीन आठवड्यांपूर्वी फ्रेंच ओपन जिंकून आलेली, यास्त्रेम्स्काकडून ७-६, ६-१, त्यात नऊ डबल फॉल्ट (दोन्ही सर्व्हिस चुकून फुकट गेलेले पॉइंट).

पहिली फेरी पूर्ण झाली तेव्हा पुरुषांचे १३ सीड आणि बायकांचे १० सीड बाहेर. ३२-३२ पैकी.

भाचीनं तिथंच सीडरावांचा हिशोब केला. ६४ पैकी ४१ सीड जिंकले, प्रत्येकी दंड ४, म्हणजे १६४. २३ हरले, प्रत्येकी ६४, म्हणजे १४७२. बेरीज १६३६, भागिले ६४, सरासरी साडेपंचवीसच्या थोडी वर. पन्नासरावांची २५. म्हणजे ज्याला टेनिसमधलं ओ की ठो कळत नाही तो माणूस रँकिंग बघून ८० लावणाऱ्याच्या पुढं! नुसते पुरुष घेतले तर सीडराव २८ च्या वर जातात, बायकांमध्ये पावणेतेवीस, तिथं थोडी अब्रू राहिली.

मग तिनं उलटा हिशोब केला, सगळ्या सीडवर एकच आकडा लावायचा असता तर कुठला लावायला पाहिजे होता. उत्तर ६४, आणि तरी दंड २३ आला असता. म्हणजे अगदी बरोबर आकडा माहीत असला तरी काहीच माहीत नसणाऱ्यापेक्षा फक्त दोनाचा फायदा. हे मला सगळ्यात इंटरेस्टिंग वाटलं. आणि ६५ कुणी लावलेले, तर डिस्पॅचवाल्यानं. तो पहिल्या नंबरवर आहे. फोन करून सांगितलं तर म्हणाला "कोण पेगुला?"

कारणांवर बरीच चर्चा झाली. अण्णांचं म्हणणं पहिल्या आठवड्यात गवत ओलसर हिरवं असतं, बॉल घसरतो, खाली राहतो, ज्यांना मागं उभं राहून मोठा फटका ओढायची सवय त्यांना वेळच मिळत नाही. ताईचं म्हणणं सर्व्हिसवाला खेळाडू गवतावर गेम सोडत नाही, सेट टायब्रेकला जातो आणि टायब्रेकला दोन पॉइंट इकडचे तिकडे झाले की सेट गेला, त्यात रँकिंग कुठं येतं. मला दोन्ही पटतं. पाच सेटच्या मॅचमध्ये चांगल्या खेळाडूला सावरायला वेळ मिळतो असं आपण नेहमी म्हणतो, तरी यंदा पुरुषांकडंच जास्त पडझड झाली. एका वर्षावरून कायदा करू नये हे भाचीनं तीनदा बजावलंय.

२ जुलै, बुधवार

पालख्या आता आपल्या जिल्ह्यात आल्यात. दाजींचा फोन, मागं टाळ-मृदंगाचा आवाज, म्हणाले पाओलिनीवर किती लावलेत माझे? म्हणलं ७०. म्हणाले ५५ कर, सकाळपासून वाटतंय. कारण लिहा म्हणलं तर "वाटतंय" एवढंच. नियमाप्रमाणं मॅच सुरू व्हायच्या आत सांगितलं म्हणून बदललं. पाओलिनी हरली. म्हणजे पहिल्या पाच सीडपैकी आता एकटी सबालेंका राहिली आणि अजून बुधवार आहे!

भाचीनं "वाटतंय" हे कारण मान्य करून घेतलं पण कंसात प्रश्नचिन्ह टाकलं.

५ जुलै, शनिवार

परवा चौथा सीड ड्रेपर सिलिचकडून गेला, ३६ वर्षांचा सिलिच, २०१७ ला इथं फायनल खेळलेला. अण्णांनी सिलिचवर ६० लावलेले, आमच्यात एकट्यांनी. कारणात लिहिलेलं "उंच माणूस, गवत, जुनं खोड". माझ्या जुना नियम कॉलमला यातलं काही दिसलं नव्हतं, कारण तो फक्त मागची दोन वर्षं बघतो. अण्णा चाळीस वर्षं बघतात.

आज जोकोविचचा विम्बल्डनमधला शंभरावा विजय, केचमानोविचवर ६-३, ६-०, ६-४.

शीटची परिस्थिती: ताई आणि डिस्पॅचवाला वर, मग भाची, मी, दाजी, तळाला अण्णा. अण्णांची बरोबर आलेली नावं सगळ्यात जास्त आहेत, पण ज्या मॅच चुकल्या त्या सगळ्या शंभर लावून चुकल्यात. झ्वेरेव शंभर. गॉफ शंभर.

६ जुलै, रविवार, आषाढी

सगळ्यांचा उपवास, अण्णांकडं भगर आणि शेंगदाण्याची आमटी. दाजी पंढरपुरातच. हॉलमध्ये एका मोबाइलवर एजबॅस्टन, जिंकली आपण टेस्ट, गिलनं पहिल्या डावात २६९ आणि दुसऱ्यात १६१, डिस्पॅचवाला नाचायचा बाकी राहिला.

आणि मोठ्या टीव्हीवर सेंटर कोर्टला कार्टल विरुद्ध पावल्युचेन्कोव्हा. यावर्षीपासून विम्बल्डनला लाइन जज नाहीत, सगळं मशीन बोलतं, १८७७ पासूनच्या स्पर्धेत पहिल्यांदाच. पहिल्या सेटला ४-४, पावल्युचेन्कोव्हाचा गेम पॉइंट, कार्टलचा फटका स्पष्ट बाहेर पडला आणि मशीन गप्प. अंपायरनं खेळ थांबवला, फोन केला, आणि सांगितलं की सिस्टिम बंद होती, पॉइंट परत खेळा. परत खेळल्यावर तो पॉइंट गेला, गेम पण गेला. ती अंपायरला म्हणाली तुम्ही माझा गेम चोरला. नंतर तिनं टायब्रेकमध्ये सेट काढला आणि मॅच पण जिंकली, पण अण्णा खवळलेलेच. बॉल बाहेर पडलेला अख्ख्या दुनियेनं बघितला, खुर्चीवर बसलेल्या माणसाला दिसला नाही का, त्याला डोळे कशाला दिलेत. ताई अंपायरच्या बाजूनं: नियमात त्यानं काय करायचं तेच केलं असेल, मशीन आल्यावर माणसानं निर्णय घ्यायची सवयच सुटते, आमच्या शाळेच्या स्पर्धेत पण स्टॉपवॉच बंद पडलं की सगळे एकमेकांकडं बघतात.

मशीन चुकलं नव्हतं, चालवणाऱ्याकडून कोर्टच्या एका बाजूचं ट्रॅकिंग बंद झालं होतं असं क्लबनं सांगितलं.

शीटमध्ये या मॅचला काही फरक नाही, निकाल निकाल.

७ जुलै, सोमवार

सिनर विरुद्ध दिमित्रोव्ह. सिनरवर सगळ्यांचे ९० च्या वर, फक्त दाजींचे ६५. पंढरपूरहून थकून आलेले, तरी बसले. सिनर सुरुवातीलाच घसरून पडला, कोपर धरून खेळत होता, आणि दिमित्रोव्हनं स्लाइस मारून मारून त्याला वाकवला, ६-३, ७-५. मधे छत बंद केलं. ताईकडं आज पाण्याची पाळी होती, ती मोटर लावायला म्हणून गेलेली आणि फोन चालू ठेवून स्कोअर ऐकत होती.

तिसऱ्या सेटला २-२. दिमित्रोव्हनं एस (समोरच्याला न लागलेली सर्व्हिस) मारून गेम जिंकला आणि तसाच छाती धरून खाली बसला. संपलं. सलग पाचवी ग्रँड स्लॅम (वर्षातल्या चार मोठ्या स्पर्धांपैकी एक) त्याला अर्धवट सोडावी लागली. दोन सेट वर असताना. हॉलमध्ये कुणी बोललं नाही बराच वेळ, मग दाजी म्हणाले, "माझे पॉइंट लावू नका यात, कसंतरी वाटतंय."

इथनं वाद सुरू. आमच्या नियमात दुखापतीनं सोडलेल्या मॅचचं काहीच लिहिलेलं नाही. अण्णा: मॅच रद्द धरा, सिनर जिंकलाच नाही. भाची: पुढच्या फेरीत कोण गेलं तेच आपण विचारलं होतं, शरीर टिकवणं हा पण खेळाचाच भाग आहे आणि दिमित्रोव्हचं आधीचं रेकॉर्ड सगळ्यांना माहीत होतं. ताई (फोनवरून, मागं पाण्याचा आवाज): शाळेत सोडलं की हरलं. तीन विरुद्ध दोन मतांनी धरायची ठरली, पण तो सेल पिवळा करून ठेवलाय.

९ जुलै, बुधवार

क्वार्टर फायनल संपल्या. पुरुषांच्या चारही अपेक्षेप्रमाणं: अल्काराझ, फ्रिट्झ, सिनर, जोकोविच. सीड १, २, ५, ६. पहिल्या आठवड्यात एवढी आपटाआपटी होऊन शेवटी तेच चौघं. सीडरावांचा दंड आता भराभर उतरतोय आणि ६५ वाला डिस्पॅच खाली घसरतोय, कारण आता आत्मविश्वास न दाखवण्याचा तोटा व्हायला लागला.

हे का होतं यावर माझं मत असं: पहिल्या फेरीत मोठा खेळाडू मातीवरून येतो, गवतावर मोजून दोन-चार मॅच खेळून किंवा काहीच न खेळता, आणि समोरचा कधीकधी क्वालिफाइंग खेळून पाय बसवून आलेला. ती पहिली खिडकी निसटली की संपलं. दुसऱ्या आठवड्यात बेसलाइनचं गवत जाऊन माती उघडी पडते, पाय घसरत नाहीत, आणि मोठ्यांची पण तोवर चार मॅचची सवय झालेली. म्हणून पहिल्या फेरीला ६५ आणि क्वार्टरला ८५ असं लावणाऱ्याचा तक्ता सगळ्यात चांगला येईल. ताईनं न सांगता जवळपास हेच केलंय.

जुना नियम कॉलम: जोकोविच बरोबर, झ्वेरेव चूक. पास म्हणायला हरकत नाही.

१० जुलै, गुरुवार, गुरुपौर्णिमा

अक्कलकोट रोडला सकाळपासून गर्दी, कारखान्यात निम्मी माणसं दर्शनाला. संध्याकाळी बायकांच्या सेमी. अनिसिमोव्हानं सबालेंकाला ६-४, ४-६, ६-४ हरवलं, मागच्या वर्षी हीच मुलगी क्वालिफाइंगमध्ये हरली होती. स्विएतेकनं बेन्चिचला ६-२, ६-०. ताईचा नियम परत लागू, दोघींपैकी कुणाकडंच ताट नाही. दाजी म्हणाले मग तुझ्या नियमाचा उपयोग काय झाला, कुणीही जिंकली तरी तू बरोबर. ताई: "तेच तर."

११ जुलै, शुक्रवार

अल्काराझनं फ्रिट्झला चार सेटमध्ये काढलं, सिनरनं जोकोविचला ६-३, ६-३, ६-४. जोकोविच क्वार्टरमध्ये शेवटी घसरून पडलेला ते दिसत होतं. अण्णांनी जोकोविचवर ७० लावलेले, शंभर नाहीत! भाचीनं टाळ्या वाजवल्या. दंड ४९.

१२ जुलै, शनिवार

बायकांची फायनल साडेआठला. फायनलला एक बोनस ठेवलेला, एकूण किती गेम होतील. अण्णा २४, ताई २१, बाकी सगळे त्याच्या आसपास, सगळ्यात कमी आकडा दाजींचा १७.

१२ झाले. ६-०, ६-०, ५७ मिनिटं. यापेक्षा कमी होऊच शकत नाहीत. विम्बल्डनच्या फायनलला असं शेवटचं १९११ ला झालेलं, ग्रँड स्लॅम धरली तर १९८८ ची फ्रेंच, ग्राफ आणि झ्वेरेवा. अनिसिमोव्हाच्या २८ अनफोर्स्ड एरर (दबाव नसताना स्वतःच केलेल्या चुका). अण्णांकडं चहा उकळून येईपर्यंत पहिला सेट गेला होता. स्विएतेकला वर्षभरात एक स्पर्धा जिंकता आली नव्हती, गवत तिचं नाही असं सगळेच म्हणायचो, आठवी सीड, आणि पोलंडची पहिली विम्बल्डन सिंगल्स विजेती झाली. स्विएतेकवर अण्णांनी शंभर लावलेले. दंड शून्य. "बघा, शंभर म्हणजे शंभर."

ताई मात्र खुश नव्हती. म्हणली त्या पोरीला एक गेम तरी मिळायला पाहिजे होता.

१३ जुलै, रविवार

एका बाजूला लॉर्ड्स, आपल्याला १९३ पाहिजेत आणि रात्री ५८ ला ४ गेलेले, दुसऱ्या बाजूला फायनल. रिमोट दोघांच्या मधे ठेवलेला, शेवटी डिस्पॅचवाला मोबाइल घेऊन गॅलरीत गेला.

अंदाज: अण्णा अल्काराझ १००. मी अल्काराझ ६०. दाजी अल्काराझ ५५. ताई अल्काराझ ६५. डिस्पॅच अल्काराझ ६५ ("तो फ्रेंचवाला ना?"). भाची एकटी सिनर ५५. तिचं कारण वाचण्यासारखं आहे: दोघांमध्ये अल्काराझ ८-४ नं पुढं, शेवटच्या पाचही त्याच्याच, पण गवतावर आत्तापर्यंत एकच मॅच झालीय, २०२२ ला इथंच, आणि ती सिनरनं जिंकलेली. एका मॅचवरून काही सिद्ध होत नाही म्हणून फक्त ५५.

पहिला सेट अल्काराझ ६-४. मग सिनर ६-४, ६-४, ६-४. चौथ्या सेटला ४-३ वर सिनरच्या सर्व्हिसवर १५-४०, म्हणजे त्याचा गेम हिसकावायच्या अल्काराझला दोन संधी, सगळ्यांना पॅरिस आठवलं, महिन्याभरापूर्वी ह्याच दोघांमध्ये सिनरचे तीन चॅम्पियनशिप पॉइंट वाया गेलेले, साडेपाच तासांची मॅच. अण्णा खुर्चीच्या कडेला. सिनरनं दोन्ही वाचवले आणि तीन तासांच्या जरा वर काम संपवलं. इटलीचा पहिला सिंगल्स चॅम्पियन.

अण्णांचा दंड १००.

१६ जुलै, बुधवार

अंतिम तक्ता: ताई पहिली, भाची दुसरी, मग मी, दाजी, सीडराव (दुसऱ्या आठवड्यानं वाचवलं), डिस्पॅचवाला, पन्नासराव, अण्णा. मात्र नुसती बरोबर नावं मोजली तर अण्णा पहिले. यावरून दोन दिवस वाद चालू आहे. अण्णांचं म्हणणं ज्याला सगळ्यात जास्त विजेते ओळखता आले त्यालाच तुम्ही भजी खायला घालायला लावताय, हा कुठला न्याय. भाचीचं म्हणणं खात्री विचारली होती, तुम्ही खात्री सांगितली, ती खोटी निघाली तर दंड तुमचाच. मला विचाराल तर नियम बरोबर आहे, पण सिलिच आमच्यात फक्त अण्णांना दिसला होता आणि ते या शीटमध्ये कुठंच धड दिसत नाही, ही शीटची उणीव आहे.

पुढचं काम, यूएस ओपन २४ ऑगस्टपासून:

हार्ड कोर्टला सीडरावांचा आकडा ८० च ठेवायचा, म्हणजे गवताशी तुलना करता येईल. "जुना नियम" कॉलम काढायचा, तिथं त्याचा संबंध नाही. "कारण" कॉलम सक्तीचा, "वाटतंय" चालेल पण मोजलं जाईल. सगळ्यांपेक्षा वेगळं नाव देऊन बरोबर आलं तर वेगळा बोनस, याला अण्णांची सूचना म्हणून नाव दिलंय. दुखापतीचा नियम आधीच लिहून सगळ्यांच्या सह्या घ्यायच्या, पिवळा सेल अजून तसाच आहे.

भजी अण्णांनी दिली. पैसे देताना डिस्पॅचवाल्याला विचारलं यूएस ओपनला कुणावर लावतोस, तो म्हणाला सगळ्यांवर ६५.